आजीचं फडकं आणि भांडुपचं पाणी

"आजी, पाणी भांडुपच्या केंद्रातून शुद्ध होऊनच येतं की! मग नळाला फडकं कशाला गं?" असं म्हणता ना दोस्तांनो?

हे फडकं फार जुनं आहे. संन्याशाने पाणी गाळूनच प्यावं, असं मनुस्मृतीत सांगितलंय. हेतू, जीवजंतू मरू नयेत हा! रोगही टळतो, हे मागाहून उमगलं.

बांगलादेशातल्या खेड्यांतला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. बायकांनी जुन्या साडीच्या चार घड्या करून त्यातून पाणी गाळलं, तर पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले! एवढाले बारीक जंतू कापडात अडकले कसे? गंमत अशी, की ते पाण्यातल्या इवल्याशा किड्यांना चिकटून राहतात. किडे अडले, की तेही अडले. साडी मात्र जुनीच हवी. धुऊन धुऊन तिची भोकं बारीक होतात.

सुटे जंतू मात्र खुशाल पार होतात. म्हणून भांडुपला तानसा-वैतरणेचं पाणी आलं, की तुरटीच्या जातीच्या रसायनाने गाळ बसवतात (हीही आजीचीच युक्ती!), मग वाळूतून गाळतात आणि क्लोरीन घालतात. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं, तर गाळून उकळाच. आणि हो, फडकं रोज धुऊन उन्हात वाळवा. ओलं राहिलं तर त्यातच जंतू वाढतात.