झालरीचा की तोकडा? : कारवानी आणि पश्मी कुत्र्यांविषयी

नेसरीच्या बाजारात किंवा एस.टी.ची वाट पाहत बसलेल्या चार शेतकऱ्यांत कुत्र्याची गोष्ट निघाली, की कारवानीचे नाव येणारच. ते साहजिकही आहे. आपल्या भागातून वाहणारी घटप्रभा पुढे कर्नाटकात ज्या मुधोळवरून जाते, त्याच मुधोळचे हे कुत्रे. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला आश्रय दिला, म्हणून तिकडे याला मुधोळ म्हणतात. आपण कारवानी म्हणतो. 2005 साली भारतीय टपाल खात्याने याचे चित्र तिकिटावर छापले, आणि मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीसाठी संशोधन केंद्रही आहे.

परंतु या घराण्यात दोन रूपे आहेत. एक तोकड्या, गुळगुळीत केसांचे. तेच सर्वांना ठाऊक असलेले कारवानी. दुसरे पश्मी. 'पश्म' म्हणजे फारसीत लोकर. हे मराठवाड्यात, विशेषतः लातूरकडे अधिक दिसते. त्याच्या कानांना, शेपटीला आणि पायांच्या मागल्या बाजूला रेशमासारख्या केसांची झालर असते. अरबस्तानाकडच्या सालुकी कुत्र्यांतही अशीच झालरीची व बिनझालरीची अशी दोन रूपे आढळतात. पश्मी ही निराळी जात मानावी की कारवानीचेच एक रूप, यावर जाणकारांत वाद आहे. तो त्यांना घालू द्या. तुम्हांला पिल्लू घ्यावयाचे आहे, तेव्हा प्रश्न इतकाच, की यांतले कोणते घ्यावे?

पहिली शंका बहुतेक सर्व जण काढतात ती उन्हाळ्याची. "एवढे केस, मग वैशाखात त्याचे काय होणार?" पण नीट पाहा. पश्मीच्या पाठीवर आणि बरगड्यांवर केस तोकडेच असतात. झालर असते ती कडांना. म्हणून उन्हाच्या बाबतीत दोघांत फारसा फरक नाही. सावली आणि पाणी दोघांनाही सारखेच लागते. उकडते म्हणून न्हाव्याकडून पश्मीची हजामत करून घेऊ नये. त्याने थंडावा मिळत नाही, आणि उघड्या पडलेल्या कातडीला ऊन मात्र लागते.

आपल्याकडची खरी अडचण ऊन नव्हे, पाऊस. मुधोळ कोरडे, तेथे झालर वाळायला वेळ लागत नाही. नेसरी-चंदगडकडे मृगापासून चार महिने अंगण चिखलाचे असते. पश्मीच्या पायांची झालर चिखलाने लडबडते, ओली राहिली की खालची कातडी कुजू लागते, वास येतो. आणि पावसाळा संपला की कुसळांचे दिवस येतात. कुसळाची रचना मोठी लबाड असते बरे का! त्याच्या अंगावरचे बारीक काटे मागे वळलेले असतात, म्हणून ते पुढे सरकते, मागे येत नाही. केसांत अडकलेले कुसळ हळूहळू बोटांच्या बेचक्यात किंवा कानात शिरते. माझ्या पाहण्यात एक पश्मी होता. चार दिवस सारखे डोके झाडी. घरच्यांना वाटले, खोड लागली. कानातून पू आला तेव्हा डॉक्टरांना दाखविले, आणि आतून निघाले काय, तर एक कुसळ!

गोचिडांचेही तसेच. तोकड्या केसांत गोचीड चटकन दिसते; झालरीत बोटे घालून शोधावे लागते. गोचिडीमुळे ताप येतो आणि त्यात कुत्रे दगावतेही. म्हणून पश्मी घ्यावयाचा असेल तर घरात कोणी तरी रोज दहा मिनिटे फणी घेऊन बसणारे आहे काय, हे आधी ठरवा. असेल तर अवश्य घ्या. त्याच्याइतके देखणे जनावर क्वचित दिसेल. पण कुत्रा रानातल्या खोपीवर राहणार आणि मालक रात्री दमून येणार, अशी गोष्ट असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: तोकड्या केसांचाच घ्यावा.

आता एक भांडणाची बाब. तोकड्या केसांच्या नर-मादीला कधी झालरीचे पिल्लू होते. मग मादीवर संशय, विकणाऱ्यावर फसवणुकीचा आळ, आणि बिचारे पिल्लू रस्त्यावर! यात कोणाचाही दोष नसतो. केसांची लांबी ठरविणारा एक अंश आईकडून येतो, एक बापाकडून. कुत्र्यांत लांब केसांचा अंश सहसा दबून राहणारा असतो. दोन्हीकडून आला तरच तो दिसतो. म्हणून दोन तोकड्या केसांच्या कुत्र्यांत तो लपलेला असला, तर सरासरीने चारांत एक पिल्लू झालरीचे निघते. उलट दोन्ही पश्मी असून पिल्लू तोकडे निघाले, तर मात्र बाप कोण याची चौकशी करायला हरकत नाही. झालर जास्त म्हणून रक्त अधिक शुद्ध, हे दलालाचे बोलणे. त्यापायी पैसे जास्त मोजू नका.

दोन महिन्यांच्या पिल्लाकडे पाहून झालर पुरती कळत नाही. ती भरायला वर्षभर तरी लागते. तेव्हा शक्य तर आईबाप दोन्ही पाहावेत.

केस कसेही असोत, काही गोष्टी दोघांना सारख्याच लागू आहेत. हे पळणारे कुत्रे आहे, अंगाने सडपातळच असावयाचे. थोड्या बरगड्या दिसल्या म्हणून भाकऱ्यांचा मारा करू नये. त्याची कातडी पातळ असते, तारेच्या कुंपणाला लागून चटकन फाटते. भूल द्यावी लागली तर डॉक्टरांना जात सांगा, कारण अशा सडपातळ कुत्र्यांना काही भुलींचा अंमल फार वेळ राहतो. पूर्वी यांना सशामागे सोडीत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो आता गुन्हा आहे. मग त्याची धाव भागवायची कशी? पीक निघालेल्या, कुंपण असलेल्या वावरात सकाळी मोकळे सोडा. पिल्लू तीन महिन्यांचे झाले, की पिसाळण्याची लस टोचून घ्या. आणि पश्मीच असेल, तर वावरातून परत येताच आधी त्याचे कान आणि बोटांची बेचकी तपासा, मगच त्याला खायला घाला.