दांतावरील कवच एकदांच बनतें

बैलाची खरेदी करतांना शेतकरी प्रथम त्याचें तोंड उघडून दांत पाहतो. अदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला असे भेद करून तो वय ठरवितो. परंतु दांत वय सांगतो, त्याचप्रमाणें तो जबड्यांत घडत असतां त्या जीवास कसलें पाणी मिळालें हेंही सांगूं शकतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानीं नसते. मनुष्याच्या दांतासही हाच नियम लागू आहे. याचें मर्म दांतावरील पांढऱ्या, चकचकीत कवचांत आहे. शास्त्रज्ञ त्यास दंतवल्क म्हणतात. तें कसें बनतें हें आम्ही वाचकांस थोडक्यांत सांगणार आहों.

दंतवल्क हा शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ होय. त्याच्या वजनांत शेंकडा सुमारें 96 भाग खनिज असतें व तें मुख्यत्वें कॅल्शियम आणि स्फुरद यांचें बनलेलें असतें. गर्भ सुमारें सहा आठवड्यांचा असतांनाच त्याच्या जबड्यांत दांतांचे अंकुर धरूं लागतात. वाढतां वाढतां ते घंटेच्या आकाराचे होतात. घंटेच्या आंतल्या बाजूस पेशींची एक ओळ असते. याच दंतवल्क रचणाऱ्या पेशी होत. प्रथम दांताच्या गाभ्याचा पातळ थर पडतो, व मग त्यावर या पेशी आपलें काम सुरू करितात.

हें काम दोन टप्प्यांनीं होतें. पहिल्या टप्प्यांत पेशी प्रथिनें व थोडें खनिज यांचा मऊ थर घालीत मागें सरकत जातात. मनुष्यांत हा थर दिवसास सुमारें 4 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केल्यास त्यांतील चार भाग, इतकाच वाढतो. या हिशेबानें एक मिलिमीटर जाडी होण्यास आठ महिने लागतात. रोजच्या कामाची बारीक रेघ आंत उमटते. मूल जन्मास आलें त्या वेळची रेघही दुधाच्या दांतांत सूक्ष्मदर्शक यंत्रानें दिसते. दुसऱ्या टप्प्यांत त्याच पेशी प्रथिनें काढून घेतात व त्या जागीं खनिज भरतात. या भरणीनेंच दंतवल्कास कठीणपणा येतो.

पुढें दांत हिरडीबाहेर येतांना या पेशी नष्ट होतात. नख कापलें तरी वाढतें, मोडलेलें हाड सांधतें, झाडाची साल खरचटली तरी कालांतरानें भरून येते. दंतवल्काचें तसें नाहीं. लाळेंतील क्षारांनीं वरवरची किरकोळ झीज कांहींशी भरते, पण नवा थर कधींही येत नाहीं. मुलाच्या कायमच्या पुढील दांतांचें दंतवल्क तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बनूं लागतें व चौथ्या-पांचव्या वर्षीं पुरें होतें. दांत मात्र सातव्या वर्षाच्या सुमारास दिसतो. अर्थात् सातव्या वर्षीं दिसलेला दोष त्यापूर्वींच कित्येक वर्षें घडलेला असतो.

असा दोष तीव्र आजारानें किंवा कुपोषणानेंही होतो. परंतु आपल्या विहिरींशीं ज्याचा संबंध आहे तो फ्लोराइडचा होय. हा क्षार अल्प प्रमाणांत दांत किडण्यास आळा घालतो. पाण्यांत तो फार असल्यास मात्र दुसऱ्या टप्प्यांत प्रथिनें निघून जाण्यास अडथळा होतो व दंतवल्क सच्छिद्र राहतें. दांत खडूसारखा निस्तेज निघतो, आणि मागाहून बाहेरचा रंग छिद्रांत शिरून त्यावर तपकिरी डाग पडतात. दांत घांसून ते जात नाहींत. अशा मुलास आळशी म्हणून रागें भरणें अन्यायाचें आहे. हिंदुस्थानांत या विकाराचें वर्णन नेल्लोर जिल्ह्यांतून 1937 सालीं प्रसिद्ध झालें. महाराष्ट्रांत यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांतील कांहीं गांवांच्या भूजलांत फ्लोराइड अधिक आढळलें आहे. पिण्याच्या पाण्यांत दर लिटरास 1 मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा असून, दुसरें पाणी नसल्यास 1.5 पर्यंत चालवून घेतात.

जनावरांसही हें चुकत नाहीं. बैलाचे कायमचे पुढील दांत दोन वर्षांच्या सुमारास येऊं लागतात, पण त्यांचें दंतवल्क वासरूपणींच बनत असतें. त्या काळांत असें पाणी पोटांत गेल्यास दांत डागाळतात व लौकर झिजतात. जनावर चारा नीट चावीत नाहीं, आणि ऐन उमेदींतला बैल बाजारांत म्हातारा ठरतो.

हें पाणी दिसण्यांत स्वच्छ असतें, आणि उकळल्यानेंही त्यांतील फ्लोराइड जात नाहीं; उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें. यास्तव आमची सूचना अशी कीं, नवी कूपनलिका घेतल्यास तिचें पाणी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेंत अवश्य तपासून घ्यावें. खोल कूपनलिकेंत दोष निघाला तरी गांवांतील उथळ विहीर पुष्कळदां निर्दोष असते. तिचेंही पाणी तपासावें, व चांगलें निघाल्यास तें आठ वर्षांखालील मुलांसाठीं व वासरांसाठीं प्रथम राखून ठेवावें. एक हंगाम बुडाला तर पुढील हंगामीं पुन्हां पेरतां येतें. दंतवल्काची पेरणी जन्मांत एकदांच होते.