क्षेत्रकार्यावरील चिंतनलेख : प्रश्नाची घडण

लोकवस्तीत काम करून परतलेल्या विद्यार्थ्यास 'आपला अनुभव लिहा' असे सांगितले, म्हणजे हाती येणाऱ्या लेखनाचा साचा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. ग्रामस्थांचे आदरातिथ्य, दारिद्र्याचे दर्शन, आणि शेवटी 'पुष्कळ शिकावयास मिळाले' हे वाक्य. काय शिकावयास मिळाले, ते मात्र कोठेच आढळत नाही. हा दोष बहुधा लेखणीचा नसून प्रश्नाचा असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अशा कार्यास श्रेयांक देण्याची दिशा दाखविल्यापासून तो अधिकच जाणवतो.

जॉन ड्यूई यांनी 'हाउ वुई थिंक' (१९१०) या ग्रंथात चिंतनाचा उगम मनाच्या संभ्रमात मानला आहे. तेव्हा स्वाध्यायाने प्रथम विद्यार्थ्याचा संभ्रमच मागावयास हवा. सारा अ‍ॅश व पॅटी क्लेटन यांनी २००९ मध्ये विवरिलेला वर्णन, परीक्षण व शिक्षणाची मांडणी हा क्रम याच दिशेचा आहे. त्यांतील वर्णनाची पायरी क्षुल्लक वाटते. वस्तुतः तीच सर्वांत अवघड होय.

समाजशास्त्राचे विद्यार्थी एखाद्या टंचाईग्रस्त गावी गेले आहेत, असे समजू. 'पाणीटंचाई पाहून काय वाटले?' असे न विचारता पुढीलप्रमाणे विचारावे : टँकर कोठे उभा राहिला? ती जागा कोणाच्या घरांजवळ होती? रांगेच्या शेवटी कोण होते, आणि रांगेत मुळीच न दिसलेल्यांच्या घरी पाणी कसे पोहोचले? त्यानंतर एम. एन. श्रीनिवास यांनी रामपुराच्या अभ्यासात (१९५९) विवेचिलेली प्रभावी जातीची संकल्पना पुढे ठेवावी. संख्याबळ, जमीन व राजकीय सत्ता यांच्या आधारे पाहिलेल्यापैकी कशाचा उलगडा होतो आणि काय शिल्लक उरते, हे लिहावयास सांगावे. ते शिल्लक नेमके टिपणाऱ्यास, आमच्या मते, सर्वाधिक गुण द्यावेत.

हृदयपरिवर्तनास मात्र गुण देऊ नयेत. विद्यार्थी चतुर असतात. जे मोजले जाते ते पुरविले जाते, आणि मग प्रत्येक वहीत डोळे पाणावू लागतात. भावना लिहावी, परंतु तिचे मूल्यमापन नको.

राहता राहिला प्रश्न ग्रामस्थांचा. त्यांनी विश्वासाने सांगितलेले कर्ज वा आजारपण वहीतून अनेकांच्या हाती जाते. नावे गाळली म्हणजे भागले, असेही नव्हे. शे-दोनशे उंबऱ्यांच्या गावात 'सरपंचांची धाकटी सून' एवढा उल्लेख ओळख पटण्यास पुरेसा असतो. कोणता तपशील वहीत राहील आणि कोणता वर्गात वाचला जाईल, हे विद्यार्थी गावी निघण्यापूर्वीच ठरवून द्यावे.