मावशीची बोट मुंबईत लागते तेव्हा

थंडी पडली की परदेशी क्रूझ जहाजं मुंबईला लागू लागतात आणि नवी मुंबईतल्या जुईनगरच्या एखाद्या घरात बेत शिजतो. अमेरिकेतली मावशी बोटीने येतेय, एक दिवस मुंबईत आहे, ओळखीतली इनोव्हा सांगू, मुंबई दाखवू, दुपारी जेवायला घरी आणू. बेत झकास आहे. तो फिसकटतो बहुतेकदा ऐकीव माहितीमुळे.

‘बोट आठला लागणार, सहाला सुटणार, म्हणजे हातात दहा तास’, इथूनच चूक सुरू होते. आठ ही जहाज धक्क्याला लागायची वेळ. पुढे इमिग्रेशन, कस्टम्स, शेकडो प्रवाशांची रांग. मावशी बंदराच्या ग्रीन गेटबाहेर दिसेपर्यंत दीड-दोन तास सहज जातात. सहा ही जहाज सुटायची वेळ. प्रवाशांनी चढायची शेवटची वेळ, म्हणजे ‘ऑल अबोर्ड’, त्याआधी अर्धा ते एक तास असते आणि केबिनमध्ये रोज येणाऱ्या पत्रकावर ती छापलेली असते. बंदरात शिरताना पुन्हा तपासणी होते ती वेगळीच. दहाचे उरतात सहा-साडेसहा. ड्रायव्हरला सांगायची ती ऑल अबोर्डची वेळ, सुटण्याची नाही.

आता यातून जुईनगर वजा करा. बॅलार्ड पिअरच्या धक्क्यापासून घर तीसेक किलोमीटर. ईस्टर्न फ्रीवेने चेंबूर, मग मानखुर्द, वाशीचा खाडीपूल, सानपाडा. सकाळी सगळी गर्दी मुंबईत शिरत असते, त्यामुळे उलट्या दिशेने तासाभरात पोचता येतं. ‘अटल सेतूने वीस मिनिटांत’ हा १२ जानेवारी २०२४ नंतर जन्मलेला गैरसमज. २१.८ किलोमीटरचा हा सेतू शिवडीहून निघून पलीकडे उलव्याच्या बाजूला उतरतो. तिथून जुईनगरला मागे फिरून यावं लागतं, वर गाडीला २५० रुपये टोल. वाशीचा पूल तुंबला असेल तर ठीक, एरवी वळसाच. म्हणून घर आधी, मुंबई नंतर. अकराला पानं मांडा, साडेबाराला पाहुणे गाडीत बसले पाहिजेत. आपल्याकडच्या आग्रहाचा वेळ यात धरलेला नाही, तो ज्याने त्याने धरावा.

परत आल्यावर मुंबई दाखवायला गाडी लागतेच असंही नाही. मुंबईत जागतिक वारसा यादीतली स्थळं तीन. घारापुरीची लेणी (१९८७), छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (२००४) आणि ओव्हल मैदानाच्या दोन अंगांना समोरासमोर उभ्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारती (२०१८). यातली शेवटची दोन धक्क्यापासून पायी जाण्यासारखी. गाडी कामाला येते ती बाणगंगा, मणिभवन, महालक्ष्मीच्या पुलावरून दिसणारा धोबीघाट यांसाठी. घारापुरीला गेटवेवरून लाँचने जायलाच तासभर लागतो, यायला तेवढाच, आणि सोमवारी लेणी बंद. घारापुरी आणि जुईनगर एका दिवसात बसत नाहीत. दोन्हींतलं एक निवडा.

‘बोटीचीच टूर घ्यावी लागते’ हे खरं नाही. बहुतेक बंदरांत प्रवासी केबिनचं कार्ड आणि ओळखपत्र घेऊन स्वतःचे स्वतः उतरू शकतात. पैशांचं गणितही उलटं आहे. बोटीची टूर माणशी आकारली जाते, खासगी गाडी अख्खी. पाच-सहा जण असतील तर गाडी बहुधा स्वस्तच पडते.

मग बोटीच्या टूरला माणसं जास्त पैसे का मोजतात? कारण तिची बस अडकली तर जहाज सहसा थांबतं किंवा पुढची सोय जहाज कंपनी करते. खासगी गाडीवाल्यांसाठी कुणी थांबत नाही. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या साओ टोमे बेटावर ‘नॉर्वेजियन डॉन’चे आठ प्रवासी खासगी सहलीला गेले आणि उशिरा परतले. जहाज अजून समोर नांगरलेलं होतं, तरी त्यांना घेतलं नाही. गांबियात जहाज गाठावं म्हणून ते निघाले, तर ओहोटीमुळे जहाज तिथे लागलंच नाही. शेवटी सेनेगलच्या डाकारला त्यांना चढता आलं. कप्तानाचा निर्णय मला निष्ठुर वाटत नाही. पुढच्या बंदरातला धक्का ठरलेल्या वेळेसाठीच मिळालेला असतो. पत्रकावर बंदरातल्या एजंटाचा नंबर असतो, उशीर झालाच तर कळवायला तो मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

‘एका दिवसासाठी व्हिसा कशाला?’ लागतो. मावशी अमेरिकन नागरिक असेल तर ओसीआय कार्ड किंवा व्हिसा हवाच. मुंबई, मार्मागोवा, कोची, नवीन मंगळूर, चेन्नई या बंदरांत ई-व्हिसा चालतो.

गाडीचं म्हणाल तर सोसायटीतला कुणी ‘माझीच घेऊन जा, डिझेलचं बघू’ म्हणतो. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं यावरच बोट ठेवते. पिवळी पाटी, काळी अक्षरं आणि प्रवासी परवाना बघून घ्या. ड्रायव्हर म्हणजे गाइड नव्हे. तो चार गोष्टी रंगवून सांगेल, त्या ऐकाव्यातही. पण परवानाधारक गाइडकडे सरकारी ओळखपत्र असतं आणि तो वेगळा सांगावा लागतो.

जुईनगरहून उलट क्रूझला निघणाऱ्यांनाही हाच हिशेब. ‘बोट गोव्याला लागते’ म्हणजे पणजीला नाही, वास्कोशेजारी मार्मागोव्याला. जुवारीचा नवा पूल झाल्यापासून रस्ता सुधारला, तरी पणजी तीसेक किलोमीटर आहेच. तिथे ओला-उबर नाहीत, त्यामुळे टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवा. सिंगापूरहून फुकेतला जाणाऱ्यांनी घड्याळ सांभाळावं. थायलंड सिंगापूरच्या तासभर मागे आहे. किनाऱ्यावर पाय ठेवताच मोबाइल गुपचूप थाई वेळ दाखवू लागतो. जहाज सिंगापूरचीच वेळ पाळत असेल, तर तुमच्या मोबाइलमध्ये चार वाजतात तेव्हा जहाजावर पाच वाजलेले असतात.