बाटलीवरची अक्षरे

ही गोष्ट अमेरिकेतली आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे औषधाची बाटली कुणीही भरावी आणि कुणीही विकावी, असा कारभार होता. बाटलीत काय घातलं आहे, हे सांगण्याची सक्ती साऱ्या देशात कुठल्या एका कायद्याने केलेली नव्हती.

तान्हं मूल रडू लागलं की आई दुकानातून गोड औषध आणी. चमचाभर पाजलं की मूल गाढ झोपे. आईला वाटे, औषध मोठं गुणाचं! पण अशा कित्येक बाटल्यांत अफूपासून काढलेलं मॉर्फिन असे. औषध जास्त झालं तर मूल पुन्हा उठतच नसे. अशी मुलं दगावली. यात आईचा काय दोष? तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी फसवणूक भेसळीची. नाव चांगल्या औषधाचं, पण आतला माल हलका. पैसे जात आणि रोग तसाच राही.

सरकारी रसायनखात्याचे प्रमुख डॉ. हार्वे वायली यांनी याविरुद्ध अनेक वर्षं झगडा केला. अखेर ३० जून १९०६ रोजी कायदा झाला. १ जानेवारी १९०७ पासून त्याचा अंमल सुरू झाला.

कायद्याने काय केलं? सरकारमान्य औषधग्रंथातल्या नावाने औषध विकायचं, तर त्याचा कस त्या ग्रंथाप्रमाणे हवा. कमीजास्त असेल तर तसं बाटलीवर लिहायला हवं. दारू, अफू, मॉर्फिन, कोकेन यांसारखे पदार्थ घातले असतील, तर त्यांचं नाव आणि प्रमाण लेबलावर छापायला हवं.

सरकारची माणसं नमुने गोळा करीत. रसायनशाळेत ते तपासले जात. खोट निघाली तर माल जप्त होई आणि कोर्टात खटला उभा राही. १९०८ साली वॉशिंग्टन शहरात डोकेदुखीचं औषध विकणाऱ्या एकावर असा खटला झाला. त्याने औषध निर्धोक असल्याचं छापलं होतं. आत मात्र घातक रसायन होतं. त्याला ७०० डॉलर दंड झाला.

पण कायद्यात एक पळवाट राहिली होती. एकजण ‘कर्करोग बरा होतो’ असं लिहून औषध विकत होता. १९११ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, आत काय आहे याबद्दल खोटं लिहिणं गुन्हा आहे; गुणाबद्दलची बढाई या कायद्यात बसत नाही. मग १९१२ साली कायदा सुधारावा लागला. तरीही विकणाऱ्याचा हेतू फसवण्याचा होता, हे सरकारला सिद्ध करावं लागे. ते काम सोपं नव्हतं.

आपल्याकडे सरकारने १९३० साली कर्नल चोप्रा यांची चौकशी समिती नेमली आणि १९४० साली औषधांचा कायदा झाला. आज औषधावर नाव, बॅच नंबर आणि मुदत संपण्याची तारीख छापलेली असते.

मंडळी, कायद्याने अक्षरं लिहायला लावली. ती वाचायची कुणी? आपणच! अक्षरं इंग्रजी असली, तर दुकानदाराकडून वाचून घ्या. मुदतीची तारीख विचारा. पावती मागा. विचारण्यात कसली आली लाज? त्या अमेरिकेतल्या आईला विचारायची सोय नव्हती. आपल्याला ती आहे.