भाटीचा माज व वेत : ग्वाल्हेर परिसरातील व्यवस्थापन

उंदरांच्या बंदोबस्तासाठी खेड्यातील घराघरांत मांजर पाळले जाते. परंतु त्याच्या विणीचा विचार होतो तो पिले झाल्यावरच. मग ती पोत्यात घालून गावाबाहेर सोडून देण्याचा निर्दय मार्ग पत्करला जातो. भाटीच्या, म्हणजे मांजरीच्या, शरीराचा क्रम ठाऊक असल्यास ही वेळ टाळता येते.

भाटीचा माज दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. ग्वाल्हेर सुमारे २६ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तेथे डिसेंबरअखेर दिवस साडेदहा तासांचा, तर जूनमध्ये पावणेचौदा तासांचा असतो. त्यामुळे ऐन थंडीत बहुतेक भाट्या माजावर येत नाहीत. दिवस वाढू लागले की त्यांचे ओरडणे, लोळणे, शेपूट बाजूस करणे सुरू होते. रात्री उशिरापर्यंत दिवे जळणाऱ्या घरात मात्र हा विसावा मिळेलच असे नाही.

गाईचे स्त्रीबीज ठरल्या वेळी आपोआप सुटते. भाटीचे बीज बहुधा बोक्याशी समागम झाल्यानंतरच, एक-दोन दिवसांत सुटते. (गांधी प्राणी उद्यानातील वाघीणही याच कुळातील, तिचीही रीत तीच.) म्हणून भाटी बोक्याकडे गेली की गर्भ राहण्याचा संभव फार. समागम न झाल्यास माज आठवडाभर टिकून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतो. एका माजात अनेक बोके आल्यास एकाच वेतातील पिलांचे बाप निराळे असू शकतात!

गर्भकाळ ६३ ते ६५ दिवसांचा. फेब्रुवारीत गाभण राहिलेली भाटी एप्रिलमध्ये विते आणि तिचे दूध पाजण्याचे दिवस ऐन लूच्या तडाख्यात येतात. तिला थंड, हवेशीर जागा, मुबलक पाणी व वाढीव आहार द्यावा. जोराच्या कळा येऊनही अर्ध्या तासात पिलू बाहेर न आल्यास ओढाताण न करता पशुवैद्यास दाखवावे. पिले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा माजावर येऊ शकते, हे फार थोड्यांना माहीत असते.

खात्रीचा उपाय वंध्यीकरण हाच. ‘एक वेत झालेच पाहिजे’ ही समजूत निराधार आहे. माज थांबविण्याच्या गोळ्यांनी गर्भाशयात पू होण्याचा धोका असल्याने त्या परस्पर देऊ नयेत. वयात आलेल्या भाटीसाठी नोव्हेंबर-डिसेंबर हा काळ सोयीचा. एप्रिलमध्ये जन्मलेल्या माद्या मात्र ऑगस्ट-सप्टेंबरातच चार-पाच महिन्यांच्या होतात. त्यांना पहिल्या माजापूर्वीच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.