व्हिसा लागत नाही, एवढ्यावरून

माहीमच्या वाड्यांतून पानवेली आणि नारळी राखणारी मंडळी, बोईसरच्या कारखान्यांत पाळ्या करणारे त्यांचे वर्गबंधू आणि तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीस असलेला त्यांच्यापैकीच एखाद्याचा मेहुणा, अशी चौकडी पावसाळा सरता सरता एकत्र जमली म्हणजे अलीकडे एक बेत हटकून निघतो, आणि तो म्हणजे स्वतःची मोटार घेऊन नेपाळला जाण्याचा. बेत उत्तम आहे, आणि मित्रांसह करावयाच्या प्रवासास नेपाळइतका जिव्हाळ्याचा परदेश आपल्या शेजारी दुसरा नाही, हेही खरे. परंतु या बेताबरोबर ऐकीव माहितीचे जे गाठोडे प्रवासास निघते, त्याच्या तळाशी एकच समजूत दडलेली असते: ज्याअर्थी तेथे व्हिसा लागत नाही, त्याअर्थी तो परदेशच नव्हे.

वस्तुस्थिती अशी की, 31 जुलै 1950 रोजी झालेल्या भारत-नेपाळ मैत्रीच्या तहाने उभय देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या मुलखात राहण्याची, फिरण्याची, व्यापारउदीम करण्याची जी मुभा दिली, ती माणसांना दिलेली आहे. मोटारीविषयी त्या सवलतीत एक अक्षरही नाही. सरहद्दीवरील सुनौलीचा नाका ओलांडताना आपण स्वतः जवळजवळ घरचे असतो, पण ज्या वाहनात बसून आपण तो ओलांडतो ते वाहन मात्र त्या क्षणापासून पूर्णपणे परके होते, आणि हा भेद ध्यानात न घेतल्यामुळेच बाकीचे बहुतेक गैरसमज जन्मास येतात.

प्रथम माणसांचे पाहू. व्हिसा नको, पासपोर्टही सक्तीचा नाही, म्हणून आधार कार्ड खिशात टाकून निघणारे पुष्कळ. वास्तविक भारत सरकारने नेपाळप्रवासासाठी मान्य केलेले दस्तऐवज मुख्यतः दोनच आहेत, पासपोर्ट आणि निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र. आधार, पॅन किंवा शिधापत्रिका या दाखल्यांवर जाण्याची सवलत आहे ती पंधरा वर्षांखालील मुलांना आणि पासष्ट वर्षांवरील वृद्धांना. म्हणजे वाडीतल्या आजोबांचे आधार चालेल आणि बोईसरच्या कारखान्यातल्या नातवाचे चालणार नाही, हा न्याय चमत्कारिक वाटला तरी कायदा तसा आहे. आणि ज्या तरुणाने कामाच्या धबडग्यात मतदार यादीत नाव घालण्याची तसदी आजवर घेतली नाही, त्याने प्रवासापूर्वी ती घ्यावी, यात लोकशाहीचाही थोडा फायदा आहे.

आता मोटार. सुनौलीच्या पलीकडे बेलहिया येथे नेपाळची जकात कचेरी आहे. जकातीस तिकडे भन्सार म्हणतात. तेथे गाडीचे नोंदणीपत्र, चालकाचा परवाना आणि ओळखपत्र दाखवून गाडी किती दिवस नेपाळात राहणार हे सांगावे लागते, आणि दर दिवसाच्या हिशेबाने रक्कम भरल्यावर जी चिठ्ठी हाती येते तिच्यावर गाडीचा क्रमांक, प्रवेशाची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख लिहिलेली असते. हे ‘हात ओले करणे’ आहे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे आणि तो निखालस खोटा आहे. ती रीतसर सरकारी आकारणी असून तिची पावती मिळते, व ती पावती प्रत्येक तपासणीत मागितली जाते. दुसरा समज याच्या उलट, की एकदा पैसे भरले म्हणजे गाडी हवी तितकी राहू द्यावी. खाजगी भारतीय वाहनास वर्षाकाठी एकूण तीस दिवसांचीच मर्यादा आहे, आणि चिठ्ठीवरील मुदत उलटून गेल्यास दंड बसतो. म्हणून पोखऱ्यास मन रमण्याचा संभव असलेल्यांनी दोन दिवसांचे जास्तीचे पैसे आधीच भरावेत हे शहाणपणाचे. गाडी मित्राच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचे सहीचे अधिकारपत्र जवळ ठेवावे. भाड्याने घेतलेल्या गाडीचा करार तर सरहद्दीपूर्वी नव्हे, पालघर सोडण्यापूर्वीच वाचावा.

परवान्याबाबतची गंमत वेगळी आहे. काहीजण आंतरराष्ट्रीय वाहनपरवान्यावाचून पाऊल टाकता येणार नाही असे ठणकावून सांगतात, आणि काही ‘कार्ने’ नावाच्या जकातहमीच्या पुस्तकासाठी मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनचा उंबरा झिजवण्याचा सल्ला देतात. 1949 च्या जिनीव्हा करारान्वये परिवहन कार्यालयातून मिळणारा तो आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे मूळ परवान्याचे परदेशी पोलिसास वाचता येईल असे रूप. तो एका वर्षापुरता असतो आणि मूळ परवान्यावाचून निरुपयोगी असतो. युरोपात तो घ्यावाच. नेपाळात भारतीय परवाना चालतो, आणि भारतीय गाडीस तेथे कार्नेची गरज नसते, कारण भन्सारची चिठ्ठी हेच काम करते. भूतानचे नियम नेपाळास लावण्याची चूकही अशीच सर्रास होते: दर माणशी दर रात्री बाराशे रुपयांचे शुल्क सप्टेंबर 2022 पासून भूतानने भारतीयांना लावले आहे, नेपाळने नव्हे.

ज्याकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही, आणि ज्याकडे सर्वांत आधी पाहावे, तो दस्तऐवज म्हणजे विमा. आपली मोटारीची पॉलिसी, मग ती कितीही ‘सर्वसमावेशक’ म्हणून विकलेली असो, भारताच्या हद्दीपुरतीच असते. जादा हप्ता भरून ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव यांपुरती वाढवून घेता येते, आणि तशी पुरवणी पॉलिसीस जोडली जाते. हप्ता किरकोळ असतो, पण एजंट ही गोष्ट आपण होऊन सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारलेलेच नसते. पुरवणी नसताना मुग्लिंगच्या घाटात गाडी दरडीला घासली, तर भरपाईचा अर्ज लिहिण्याचे कष्टही व्यर्थ जातील.

अंतराविषयीचा भ्रम नकाशामुळे होतो. मनोरवरून जव्हार-त्र्यंबकच्या घाटाने नाशिक गाठून पुढे जुन्या आग्रा रोडने इंदूर, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर करीत सुनौलीस पोचेपर्यंत सतराशे किलोमीटरांहून अधिक प्रवास होतो, आणि तो ज्या वेगाने होतो त्याच वेगाने पुढचे दोनशे किलोमीटर संपतील असा हिशेब मांडला जातो. काठमांडू ते पोखरा हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर आहे. पृथ्वी राजमार्गावर त्यास अख्खा दिवस लागला तरी नवल मानू नये, कारण एका बाजूस त्रिशूली, दुसऱ्या बाजूस कडा आणि मध्ये मालमोटारींची रांग, अशा मार्गावर वेग हा चालकाच्या कौशल्याचा प्रश्न उरत नाही. पावसाळ्यात तर तिकडे जाऊच नये. कोकणच्या पावसाची सवय असलेल्या आपल्या लोकांना हा सल्ला भित्रेपणाचा वाटतो. पण 12 जुलै 2024 रोजी नारायणगढ-मुग्लिंग मार्गावर सिमलताल येथे दरड कोसळून दोन प्रवासी बसगाड्या उतारूंसह त्रिशूलीत गेल्या, ही गोष्ट ज्यांनी वाचली त्यांनी सवयीची भाषा करू नये. मे महिन्याच्या सुट्टीत रस्ते मोकळे असतात, पण हवेतील धुरकटपणामुळे शिखरे अनेकदा दिसतच नाहीत. खरा काळ ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, म्हणजे आपल्या दिवाळीचा. मात्र त्याच सुमारास तिकडे दशैं आणि तिहार हे मोठे सण येतात व अवघे काठमांडू गावाकडे निघते, हे हिशेबात धरावे.

पोखऱ्याहून एव्हरेस्ट दिसते असे सांगणारे लोक मला भेटतात. दिसते ते अन्नपूर्णा, धवलगिरी आणि 6,993 मीटर उंचीचे माछापुच्छ्रे, आणि या शिखरांसमोर उभे राहून एव्हरेस्टची आठवण काढणे हा रसिकतेचा दोष मानावा लागेल.

लुंबिनी भारतात आहे, अथवा ती वाटेपासून फार दूर आहे, हा शेवटचा गैरसमज मला अधिक खटकतो. सुनौलीपासून ती मोटारीने तासाभराची आहे. तेथील अशोकस्तंभ 1896 मध्ये उजेडात आला. राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी राजा स्वतः या स्थळी आला आणि त्याने या गावाचा कर कमी केला, असे त्यावरील लेख सांगतो. पालघर जिल्ह्यातल्या माणसाने तो स्तंभ चुकवणे यासाठी अक्षम्य की, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आपल्याच सोपाऱ्यास सापडला, आणि त्या आठव्या लेखाचा विषय प्रवास हाच आहे: पूर्वीचे राजे मृगयेसाठी व मौजेसाठी यात्रा करीत, त्या सोडून अशोकाने धर्मयात्रा आरंभिल्या, असे त्यात नमूद आहे. चौघा मित्रांनी मौज सोडावी असे कोणी म्हणणार नाही. पण मौजेच्या वाटेवरच हे स्थळ असताना पोखऱ्याच्या घाईने बुटवलकडे गाडी दामटणारे पाहिले की वाईट वाटते.

उरलेल्या बाबी थोडक्यात. भारतीय रुपयास एक रुपया साठ पैसे नेपाळी हा दर 1993 पासून कायम आहे, त्यामुळे ‘चांगला भाव’ देऊ करणाऱ्याशी बोलू नये. जवळ शंभराच्या आणि त्याखालच्या नोटा असाव्यात. मोठ्या भारतीय नोटांवर नेपाळने 2018 मध्ये बंदी आणली होती. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, परंतु काठमांडूत 2017 पासून विनाकारण भोंगा वाजवण्यास मनाई आहे, आणि मद्यपान करून चालवणाऱ्याची तिकडे गय केली जात नाही. खाजगी नेपाळी गाड्यांच्या लाल पाट्यांमध्ये आपली पांढरी पाटी आणि तिच्यावरील एम. एच. 48 ही अक्षरे शिपायाला दुरूनच दिसतात. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे. आणि परतताना भन्सारची चिठ्ठी कचेरीत दाखवून गाडी देशाबाहेर गेल्याची नोंद करून घ्यावी. अंधार पडण्याच्या आत नाक्यावर पोचल्यास तेवढे काम निवांतपणे उरकते.